तिसरं बेट बोलतंय

हे लिहायचंच नाही, असं भिंगनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. टाइप केलं, पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. आई म्हणाली, त्यात लिहिण्यासारखं काय आहे, बसमध्ये बसलो, गेलो, आलो. भोंगा म्हणाला, लिही की, फक्त मला जरा उंच दाखव. तळमजल्यावरचे साहेब म्हणाले, लिहून झालं की आधी माझ्याकडे आण, वस्तुस्थिती तपासावी लागेल. शिवाय या सगळ्या भानगडीत भिंगचा स्वतःचा बराचसा दिवस अननसांची चित्रं असलेल्या अर्ध्या चड्डीत गेला, आणि ती गोष्ट आपण होऊन जगाला सांगावी इतका काही तो थोर नव्हता. पण सांगितल्याशिवाय चैनही पडेना. तेव्हा चड्डीसकट सांगून टाकलेलं बरं.

भिंग म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारा पोरगा. हे काम त्याला कोणी शिकवलं नाही, तो बघून बघून शिकला. त्याला भिंग हे नाव भोंग्यानं ठेवलं, आणि त्याचा सूड म्हणून भोंग्याला भोंगा हे नाव त्यानं ठेवलं. भोंगा सहलीच्या बसवर गाईड होता. माईक हातात घेऊन डाव्या बाजूला काय आहे आणि उजव्या बाजूला काय आहे ते सांगायचं, आणि दोन्ही बाजूंना काहीच नसेल तर काहीतरी रचून सांगायचं, हे त्याचं काम. दुसऱ्या प्रकारात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता मुद्दा. मुद्दा म्हणजे आईचा कान.

आई लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तेव्हा समोरच्या बेटांवर फोन लावायचा तर मधे माणूस लागायचा. इकडून आई म्हणायची, "तिसरं, गाव बोलतंय." तिकडून एक बाई म्हणायची, "बोला गाव, तिसरं बेट बोलतंय." मग वायर खुपसायची आणि लोकांची बोलणी जोडून द्यायची. नावं सांगायची नाहीत असा नियम होता. त्यामुळे दुपारी लाइन रिकाम्या असल्या की या दोघी जगभरच्या गप्पा मारायच्या, पण एकमेकींना हाक मारायच्या ती गाव आणि तिसरं अशीच. भेट कधी नाही, फोटो नाही. मग यंत्रं आली, बोर्ड भिंतीवरून उतरवले, आणि एका संध्याकाळी तिसरं जे गेलं ते गेलंच. आई अजूनही तिच्याबद्दल तसंच बोलायची. तिसरं फार हसायचं. तिसऱ्याला सारखी सर्दी व्हायची. ऐकणाऱ्याला वाटावं घरात पूर्वी एखादं मांजर होतं.

तर आईचा उजवा कान आधीच गेला होता, आणि डावाही चालला होता. कानाच्या डॉक्टरनं यंत्र बसवायचा दिवस नेमून दिला. पहिल्या मजल्यावरच्या काकू आईला धीर द्यायला म्हणून आल्या आणि सांगून गेल्या की यंत्रातून सगळ्यांचे आवाज सारखेच ऐकू येतात, बदकासारखे. त्यांच्या दिराला तर बायको कोणती आणि वॉशिंग मशीन कोणतं ते कळत नाही. काकू धीर देऊन गेल्या आणि आई गप्प झाली. रात्री जेवताना म्हणाली, "यंत्र बसवेन मी. नाही कुठे म्हणते? पण त्याआधी एकदा तिसऱ्याचा आवाज ऐकायचाय. आहे त्या कानानं."

बस, एवढंच. एका बाईला एका बाईचा आवाज ऐकायचा होता. यात अवघड काय असणार, असं भिंगला वाटलं. त्याला असं वाटतं तेव्हा काय होतं हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

आधी ते दोघं टेलिफोनच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं कोण हव्या आहेत म्हणून विचारलं. आई म्हणाली, तिसरं. त्यानं नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, ती नाही तर निदान आडनाव विचारलं. आई म्हणाली, नाव सांगायचं नाही असा तुमच्याच खात्याचा नियम होता, आम्ही पाळला. कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि अगदी मायेनं विचारलं, "बाई, नक्की काय हरवलंय? माणूस की बेट?" तिथून त्यांना चौकशीच्या खिडकीवर पाठवलं, आणि चौकशीच्या खिडकीतून परत याच्याकडे. दुसऱ्यांदा त्यानं दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. काम झालं नाही, पण खुर्च्या चांगल्या होत्या, असं आई घरी येऊन सगळ्यांना सांगत होती.

शेवटी भोंगा धावून आला. त्याच्या बसची एक सहल होती, एका दिवसात तिन्ही बेटं. पूल ओलांडत जायचं, किनारे बघायचे, संध्याकाळी परत. तिसऱ्या बेटावर चहापुरता थांबा. भोंगा म्हणाला, बेट केवढंसं, एक रस्ता आणि एक किनारा, चहा होईपर्यंत तुझ्या आईचं तिसरं शोधून काढू. फक्त उशीर करून चालणार नव्हता. मालकानं त्याला आधीच बजावलं होतं, पुन्हा गाडी उशिरा आली तर माईक ठेवायचा आणि घरी जायचं. गाडी उशिरा येण्याचं कारण दर वेळी भोंगाच असायचा. एखाद्या खडकाबद्दल बोलायला लागला की त्याला तो खडक सोडवायचा नाही.

सहलीला जायचं ठरलं आणि ही बातमी इमारतीत पसरली. नळाला पाणी पोचत नाही तिथे आमच्याकडे बातमी पोचते. काकूंनी सांगितलं, पुढच्या चाकावर बसू नका, पोट ढवळतं. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, मागच्या चाकावर तर मुळीच बसू नका. गच्चीवरच्या खोलीतल्या मास्तरणींनी दोरी न्यायला सांगितली. कशाला ते विचारलं तर म्हणाल्या, समुद्र आहे, काही सांगता येत नाही. आणि तळमजल्यावरचे साहेब, म्हणजे पाणीखात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी सल्ला वगैरे दिला नाही. ते सरळ म्हणाले, मी येतो.

"तुम्हा दोघांना एकटं पाठवणं बरं दिसत नाही," असं ते म्हणाले. दोघं म्हणजे एकटं कसं, हे विचारायची भिंगची हिंमत झाली नाही. साहेबांनी स्वतःसाठी घडीची खुर्ची घेतली होती. सकाळी बसच्या दाराशी भिंगच्या एका खांद्यावर डब्यांची पिशवी, दुसऱ्यावर पाण्याचा कॅन, काखेत साहेबांची खुर्ची आणि गळ्यात मास्तरणींची दोरी. ड्रायव्हरनं त्याला नीट न्याहाळून विचारलं, "घर बदलताय का?"

बस निघाली. भोंगा माईक घेऊन उभा राहिला आणि पूल यायच्या आधीच त्यानं दोन लढाया आणि एक बुडालेलं जहाज सांगून टाकलं. आई खिडकीशी बसली नाही. लोक समुद्र बघायला एकमेकांच्या अंगावरून वाकत होते आणि ही डावा कान सीटांमधल्या वाटेकडे करून बसलेली. भिंगनं विचारलं, दिसतंय का गं. म्हणाली, समुद्र काय, नंतरही दिसेल, डोळे ठीक आहेत माझे.

पहिल्या बेटावर किनारा असा की बघत राहावं. ओली वाळू आरशासारखी, लांबवर कोणी कुत्र्याला पळवत होतं. साहेबांनी जागेची पाहणी केली, दिशा पाहिली, आणि खुर्ची बरोबर अशा ठिकाणी मांडली की जिथे पाणी येणं शक्यच नाही. आयुष्यभर पाण्यात काम केलेला माणूस, त्याला कोण शहाणपण शिकवणार. ते जरा शंख बघायला वाकले आणि एक लाट आली, खुर्ची उचलली आणि एखाद्या पाहुण्याला न्यावं तशी सन्मानानं आत घेऊन गेली.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी फक्त भिंगकडे पाहिलं. सगळ्या बसनं भिंगकडे पाहिलं. तरुण माणसाकडे असं पाहिलं की त्याला जावंच लागतं. तो दुकानात जायच्या चांगल्या पँटनिशी पाण्यात शिरला. खुर्ची मिळाली. पण तिला वर ओढताना तिच्या सांध्यात पँट सापडली आणि गुडघ्यापासून पार वर, जिथपर्यंत जायला नको तिथपर्यंत, टरकन फाटली. किनाऱ्यावरच्या टपरीत त्याच्या मापाची एकच वस्तू होती. पिवळ्या रंगावर अननस, आणि प्रत्येक अननसाला काळा चष्मा. टपरीवाला म्हणाला, सगळे हीच घेतात. सगळ्या किनाऱ्यावर दुसरी तशी चड्डी दिसली नाही. भोंग्यानं मात्र मैत्री निभावली. माईकवर तो एक शब्द बोलला नाही. फक्त "आता उजव्या हाताला" म्हणताना त्याचा आवाज जरा कापला.

दुसऱ्या बेटावर खरं संकट आलं. तिथे छोटंसं गाव, उतरती गल्ली, दारांत कुंड्या. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर एक सार्वजनिक नळ, जो ठिबकत होता.

आता तुम्हीआम्ही असा नळ बघतो आणि पुढे जातो. साहेबांना जाता येईना. ते दोन पावलं पुढे गेले, मागे आले, परत गेले, परत आले. म्हणाले, "नुसता वायसर गेलाय हो." मग त्यांनी बाह्या वर केल्या, नळ जरासा पिळला, आणि तो आख्खा नळ मुळापासून निघून त्यांच्या हातात आला. पाणी असं उसळलं की समोरच्या घरातला माणूस छत्री घेऊन बाहेर आला. साहेबांनी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला आणि तिथेच उभे राहिले. अंगठा काढायला तयार नाहीत. काढला की पाणी वाया जातं, म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत नाही जाणार. प्लंबरला निरोप गेला. प्लंबर जेवत होता. मग प्लंबर जेवून झोपला. मग उठला. तोपर्यंत बसमधली माणसं आळीपाळीनं येऊन साहेबांना बघून जात होती, आणि भोंग्यानं नाइलाजानं त्यांनाच प्रेक्षणीय स्थळ करून टाकलं. "डाव्या हाताला," तो खचलेल्या आवाजात म्हणाला, "एक कर्तव्यदक्ष गृहस्थ."

बस सुटली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. भोंगा पुढून मागे आला, भिंगच्या सीटच्या दांड्याला धरून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच माईक खाली ठेवून बोलला. तिसऱ्या बेटावर आता थांबता येणार नाही, म्हणाला. नुसतं किनाऱ्यावरून वळसा घेऊन परत. थांबलो तर उशीर नक्की, आणि उशीर म्हणजे मालक काय म्हणाला ते तुला माहीतच आहे.

इकडे आईचा कान, तिकडे याची नोकरी. भिंग अननसांकडे बघत बसला. साहेब आपला सुरकुतलेला पांढराफटक अंगठा मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं.

आईनं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. पण थोड्या वेळानं ती भिंगचा हात थोपटत म्हणाली, "राहू दे रे. कोणाच्या पोटावर पाय देऊन काय ऐकायचं. बेट तर बघू ना खिडकीतून." आणि सकाळपासून पहिल्यांदाच सरकून खिडकीशी बसली.

भोंगा पुढे गेला. बराच वेळ ड्रायव्हरच्या बाजूला पाठमोरा उभा होता. तिसरा पूल आला तशी माईकची खरखर झाली. "मंडळी," तो म्हणाला, "आता आपण या सहलीतल्या सर्वात महत्त्वाच्या वास्तूला भेट देणार आहोत. जुनं टेलिफोन एक्स्चेंज. ते बघितल्याशिवाय बेटं बघितली असं कोणी म्हणतच नाही."

ड्रायव्हरनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. भोंगा समोर काचेतून बघत राहिला.

ती महत्त्वाची वास्तू म्हणजे केस कापायचं दुकान निघालं. खुर्चीत एक माणूस तोंडाला फेस लावून बसलेला, आणि आख्खी बस त्याच्याकडे आदरानं बघत होती. न्हाव्याला एवढंच माहीत होतं की त्याच्या आधी इथे लोकरीचं दुकान होतं आणि त्याच्याही आधी काहीतरी सरकारी. फोनवाली बाई? असेल. कुठेतरी असेल.

मग सुरू झाला शोध. नाव नाही, चेहरा नाही, नुसता आवाज. भिंग रस्त्यानं जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना गाठून म्हणू लागला, आजी, जरा "हॅलो, तिसरं बेट बोलतंय" असं म्हणता का? सांगताना आता काही वाटत नाही, पण अननसांच्या चड्डीत उभं राहून अनोळखी बाईला अशी विनंती करून बघा. एकीनं पिशवी छातीशी धरली. एकीनं विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं, बाळा? तिसरीनं काही न विचारता छत्री मिटली, आणि ती कशासाठी मिटली हे भिंगला वेळेत कळलं म्हणून बरं.

इथे साहेब उतरले मैदानात. अपराधी माणूस जसा जास्तच काम करतो तसे. चौकात उभे राहून त्यांनी खात्यातला जुना आवाज काढला आणि पन्नाशीच्या पुढच्या सर्व महिलांनी कृपया या बाजूला रांग करावी, असं सांगितलं. गंमत म्हणजे रांग झाली. कशाची आहे हे कोणाला माहीत नव्हतं, पण पुढची उभी आहे म्हणून मागची उभी. आई घडीच्या खुर्चीत डोळे मिटून बसली. एकेक बाई पुढे वाकून तिच्या डाव्या कानाशी म्हणायची, "हॅलो, तिसरं बेट बोलतंय." आई मान हलवायची. नाही. ही पण नाही. ही तर नाहीच. एक बाई नाही म्हटल्यावर खट्टू होऊन रांगेत परत मागे जाऊन उभी राहिली.

रांग संपली. आईनं डोळे उघडले नाहीत. "कान गेलाय माझा," ती हळूच म्हणाली. "मघाशी यातली एखादी असेलही. मला ओळखता आलं नसेल."

भिंग तिच्यापुढे उकिडवा बसला. ऐनवेळी बोलायला त्याला कधीच काही सुचत नाही, तेव्हाही सुचलं नाही. त्यानं तिच्या साडीवरची वाळू झटकली. तिथे फारशी वाळू नव्हती.

आणि तेवढ्यात किनाऱ्याकडून लाउडस्पीकर वाजला. "लाल झेंड्याच्या पुढे पाण्यात जाऊ नये. तसंच सहलीची निळी बस रस्त्यात आडवी लावलेली आहे, ती ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब काढावी. लोकांना घरी जायचंय." आणि पाठोपाठ एक सणसणीत शिंक.

आई उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"तिसरं," ती म्हणाली.

किनाऱ्याच्या तोंडाशी फळ्यांची खोपटी होती, वर कर्णा. आत एक उंच, किडकिडीत बाई माईकसमोर बसलेली, नाकाला रुमाल. आई दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी गाव."

भिंगला वाटलं होतं आता मिठ्या पडतील, रडारड होईल. भोंग्यानं तर डोळे पुसायची तयारी ठेवली होती. तसलं काही झालं नाही. त्या बाई म्हणाल्या, "अय्या. या ना. बसा." आई म्हणाली, "नको, ठीक आहे." त्या म्हणाल्या, "प्रवास बरा झाला ना?" आई म्हणाली, "हो, बरा झाला." मग दोघी खाली बघायला लागल्या. आईच्या मनातलं तिसरं गोलमटोल होतं, हे तिनं नंतर सांगितलं. ही एवढी उंच बाई तिच्या कोणी ओळखीचीच नव्हती. आणि त्या बाईंनाही हे नवखं गाव बघून काय बोलावं कळत नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "येते मग, गाडीला उशीर होतोय," आणि बाहेर आली.

बाहेर आली, पण चालेना. खोपटीच्या पायरीवर टेकली, फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून, समुद्राकडे तोंड करून. आणि कोणाकडेच न बघता, वेगळ्याच आवाजात, भिंगनं लहानपणी कधीतरी ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "तिसरं, गाव बोलतंय. लाइन रिकामी आहे का?"

आत काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. मग फळीमागून उत्तर आलं. "बोला गाव."

आईनं कान भिंतीला लावला. तिकडून काहीतरी बोलणं आलं. आई म्हणाली, काय? परत आलं. परत काय? भिंत जाड नव्हती. फळीमागून आवाज चढला, "लाइन खराब आहे का हो?"

"माझ्या बाजूची खराब आहे," आई म्हणाली. "थोडीच राहिलीय."

आत खुर्ची सरकली. मग वरच्या कर्ण्यात खट्‌ असं वाजलं, आणि सगळ्या किनाऱ्यावर तिसऱ्याचा आवाज भरून राहिला. "आता येतंय का ऐकू, गाव?"

आईनं भिंतीवर डोकं टेकलं. "स्पष्ट," ती म्हणाली.

मग जे झालं ते असं की अर्धं बोलणं आईच्या आणि भिंतीच्या मधे, आणि उरलेलं अर्धं समुद्राला, वाळूला, बसमधल्या माणसांना, पांगलेल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना. आई काय बोलते ते कोणाला ऐकू येत नव्हतं. कर्णा तेवढा बोलत होता. "अहो, तुमच्यामुळे माझा स्वेटर अर्धा राहिला. गळा शिकवायच्या आधीच एक्स्चेंज बंद झालं. ... नाही ना, कोणाला विचारणार? तुमची वीण तुम्हालाच माहीत. ... आहे की. ट्रंकेत आहे. बिनगळ्याचा. ... थांबा, थांबा, किती टाके कमी करायचे? ... दोन्ही बाजूंनी? ... मग उलटा की सुलटा?" वाळूत बसलेल्या बायका एव्हाना बोटांवर टाके मोजू लागल्या होत्या. मधेच एक शिंक येई आणि ती पण सगळीकडे ऐकू जाई. "मिस्टर गेले माझे. ... हो, तुमचेही? ... मला वाटलंच होतं, पण विचारणार कसं." मग बराच वेळ कर्ण्यातून नुसता श्वास येत होता. मग एकदम, "तो तुमचा मुलगा? तो अननसवाला? ... मग काय झालं, पाय चांगले आहेत हो त्याचे." सगळा किनारा वळून भिंगच्या पायांकडे बघू लागला. त्यानं खुर्चीची घडी करून पायांपुढे धरली.

पण तिसरं हसलं. आणि ते हसणं कर्ण्यातून आलं तेव्हा भिंगला कळलं की आई एवढी वर्षं कशाबद्दल बोलत होती.

बसमध्ये चला असं कोणी म्हणालं नाही. साहेब बूट काढून वाळूत बसले होते. ड्रायव्हर निळी बस रस्त्यातून काढून आला आणि तोही बसला. भोंग्याला उशीर दिसत होता, सूर्य त्याच्यासमोरच खाली जात होता. पण त्यानं शिट्टी वाजवली नाही. तो खोपटीपासून जरा दूर, एकटा उभा राहून ऐकत होता.

शेवटी आईच म्हणाली असावी, कारण कर्णा म्हणाला, "हो, ठेवू या. ... तुम्ही काढा वायर. ... नाही, तुम्ही." बराच वेळ कोणीच वायर काढली नाही. मग खट्‌ झालं. भिंगनं खिडकीतून आत हात घालून आपला नंबर दिला, त्यांचा घेतला. बसमध्ये बसल्यावर त्यानं आईला विचारलं, नाव काय म्हणून लिहू गं यांचं? ती म्हणाली, "तिसरं लिही की." आणि झोपून गेली, डावा कान पदराखाली नीट झाकून.

परत येताना माईक गप्प होता. पूल आले, गेले. डाव्या हाताला काय होतं आणि उजव्या हाताला काय, कोणालाच कळलं नाही.

आगारात मालक उभाच होता. भोंग्यानं सबब सांगायला तोंड उघडलं नाही, तेव्हा साहेब पुढे झाले. अंगठा दाखवला. नळ सांगितला, खुर्ची सांगितली, सगळा उशीर आपल्या नावावर घेतला, आणि या तरुणानं संपूर्ण प्रवासात कर्तव्यात कसूर केली नाही असं चांगलं तावातावानं सांगितलं. मालक म्हणाला, बरं. काढत नाही. पण आठवडाभर गाडीवर दिसायचं नाही.

साहेब आईला रिक्षात बसवून पुढे घेऊन गेले. भिंग मागे राहिला. आगाराच्या कट्ट्यावर भोंगा बसला होता, माईक मांडीवर, त्याची वायर बोटाला गुंडाळत. भिंग शेजारी बसला. म्हणाला, सॉरी यार. भोंगा म्हणाला, सोड, आठवडा काय, निघून जाईल.

मग म्हणाला, "मघाशी तिथे उभा होतो ना, तर माझ्या बाबांचा आवाज आठवत होतो. आठवलाच नाही रे. खोकला आठवला. मशीनचा आवाज आठवला. त्यांचा नाही."

भोंग्याचे बाबा शिंपी, शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान. दुकान सोडून हा बसवर गेला त्यावरून वाजलं होतं, एवढं भिंगला माहीत होतं. अजून बोलणं नाही हे माहीत नव्हतं. भोंग्यासारखा माणूस कोणाशी बोलत नसेल, हे डोक्यात येणार तरी कसं.

"आता आठवडा मोकळाच आहेस," भिंग म्हणाला.

"जाऊन काय बोलू? मला लोकांसमोर बोलता येतं. तसं नाही येत." तो वायरीशी खेळत राहिला. "दारापर्यंत जाऊन परत आलोय मी. एकदा नाही."

एरवी भिंगला ऐनवेळी काही सुचत नाही. पण चड्डीचे अननस सगळ्या जगानं पाहिलेले, आता आणखी काय जाणार होतं.

"उद्या दुकान बंद आहे माझं," तो म्हणाला. "सकाळी येतो तुझ्याकडे. आपण दोघं जाऊ. दार मी वाजवतो."

"आणि मी पळालो तर?"

"पळ. मी आत जाऊन बसेन बाबांजवळ. पँट फाटलीय, शिवून द्या म्हणेन. आणि तू येईपर्यंत उठणार नाही तिथून, शब्द देतो तुला."